भिंतीला पाठ टेकल्यावर : वाइड-अँगल भिंगांची कहाणी

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात शिरले की समोर चौकोनी सभामंडप लागतो. त्याची बाजू सुमारे वीस मीटर. मंडपात वीस खांबांची चौकट आहे आणि खांब व भिंत यांच्यामध्ये जेमतेम तीन मीटर रुंदीची वाट उरते. जगभर नावाजलेली चित्रे आहेत ती या वाटेच्या पलीकडच्या भिंतींवर. मंडपाच्या मध्यभागी उभे राहून पाहावे तर खांब आड येतात. वाटेत शिरावे तर पाठ खांबाला टेकते आणि चित्राचा एक तुकडाच नजरेत मावतो. माणसाचे काम मान वळवून भागते. कॅमेऱ्याला मान नाही. त्याला जे दिसायचे ते एका दमात दिसले पाहिजे.

किती दिसेल, हे दहावीच्या भूमितीतल्या समरूप त्रिकोणांवरून काढता येते. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असते. चौकटीची रुंदी भागिले भिंगाचे नाभीय अंतर, हे गुणोत्तर म्हणजेच समोरच्या दृश्याची रुंदी भागिले त्याचे अंतर. नाभीय अंतर ५० मिमी असेल तर तीन मीटरवरची सुमारे २.२ मीटर रुंदीची भिंत चित्रात येईल. भिंग ३५ मिमीचे असेल तर ३.१ मीटर, २८ मिमीचे असेल तर जवळजवळ ३.९ मीटर आणि २० मिमीचे असेल तर ५.४ मीटर. म्हणजे चित्रातली एखादी कथा अर्धी तुटणार की पूर्ण येणार, हे भिंग ठरवते.

मग नाभीय अंतर कमी करत गेले की झाले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या वाटेवर भिंग घडवणाऱ्यांची जवळजवळ शंभर वर्षे गेली. का गेली, ते पाहू.

मुंबई ते अजिंठा

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि लवकरच ती आपल्याकडे पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही मंडळी तिच्यात होती. पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. विज्ञान आणि कला या दोहोंचा हा छंद शिकलेल्या मुंबईकरांनी अगदी आरंभीच्या काळात आपलासा केला होता.

या काळातले प्रसिद्ध भिंग म्हणजे व्हिएन्नाच्या जोसेफ पेत्सव्हाल यांनी १८४० मध्ये गणित मांडून तयार केलेले व्यक्तिचित्रांचे भिंग. ते भरपूर प्रकाश आत घेई, त्यामुळे माणसाला फार वेळ निश्चल बसावे लागत नसे. पण त्याचे चित्र मध्यभागीच रेखीव असे; कडेला सगळे विरघळून जाई. चेहऱ्यासाठी ते छान, लेण्यासाठी निरुपयोगी. निसर्गदृश्यांसाठी एकेरी भिंग वापरत, पण त्यात इमारतीच्या सरळ कडा धनुष्यासारख्या वाकत.

अजिंठ्याला १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याला पाठवले. काम होते चित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करण्याचे. त्याने वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून त्या केल्या. पुढे तो छायाचित्रणाकडे वळला आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. १८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

इथे विद्यार्थी विचारतील : हाती कॅमेरा होता, तर चित्रांचेच फोटो का नाही काढले? उत्तर रसायनशास्त्रात आहे. त्या वेळच्या ओल्या कलोडियन काचेला निळा-जांभळा प्रकाश कळे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवळ्या मातीचे राज्य. त्यात लेण्यातला अंधार आणि काच ओली आहे तोवरच काम उरकण्याची घाई. म्हणून त्या काळातल्या कॅमेऱ्याला लेण्यांचे दर्शनी भाग आणि कोरीव काम साधले; चित्रे मात्र कुंचल्याकडेच राहिली. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंगांची जाण देण्याची युक्ती शोधली, तेव्हा हे दार किलकिले झाले.

दरम्यान जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती करू लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. यांतल्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. हाताने केलेली प्रतिकृती एकच असते. ती गेली की गेली. निगेटिव्हवरून शंभर प्रती काढता येतात आणि त्या शंभर ठिकाणी राहतात. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरचा चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला, तो मुद्दाम छायाचित्रांवर आधारलेला होता.

दोन भिंगे, एक रबरी फुगा

आता भिंगांकडे वळू. रुंद दृश्य टिपताना तीन शत्रू आडवे येतात. पहिला, सरळ रेषांचे वाकणे. दुसरा, कडेचा धूसरपणा. तिसरा, कोपऱ्यांतला अंधार.

१८५९ मध्ये इंग्लंडच्या टॉमस सटन यांनी काचेच्या पोकळ गोलात पाणी भरून भिंग केले. ते सुमारे १२० अंश पाही, पण त्याला वाकवलेली काच लागे. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरिसन आणि श्नित्झर यांचे ‘ग्लोब’ भिंग आले. त्याचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे होते आणि मधोमध छिद्र होते. ही रचना महत्त्वाची. पुढचा भाग रेषेला जितका बाहेर वाकवतो, तितकाच मागचा भाग तिला आत ओढतो, आणि रेषा सरळ राहते. १८६६ मध्ये लंडनचे डालमायर आणि म्युनिकचे श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे याच समतोलावर उत्तम भिंगे केली. पहिला शत्रू आटोक्यात आला. १८८० च्या दशकात येनामध्ये ॲबे आणि शॉट यांनी नव्या प्रकारच्या काचा तयार केल्या आणि दुसऱ्या शत्रूवरही उपाय सापडू लागला.

तिसरा शत्रू मात्र भूमितीतच दडलेला आहे. तिरप्या दिशेने येणाऱ्या किरणांना छिद्र चपटे दिसते, त्यांना लांबचा पल्ला पडतो आणि ते फिल्मवर तिरपे पडतात. या सर्वांचा हिशेब केला तर साध्या समतोल भिंगात कडेचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. २८ मिमी भिंगाला कोपऱ्यात हा कोन सुमारे ३८ अंश असतो. तिथे प्रकाश मध्याच्या ३९ टक्केच उरतो. कोन ७० अंशांवर गेला तर दीड टक्काही नाही!

पण १९०० साली बर्लिनच्या गोर्त्स कंपनीच्या एमिल फोन ह्योग यांनी नेमके तेवढेच धाडस केले. ‘हायपरगॉन’ या त्यांच्या भिंगात अर्ध्या चेंडूसारखी दोन पातळ भिंगे होती आणि ते १४० अंश पाही. कोपऱ्यांतल्या अंधारावर त्यांनी काढलेला तोडगा पाहून हसू येते, पण तो अचूक होता. भिंगासमोर तारकेच्या आकाराची लहानशी भिरभिरी बसवली होती. छायाचित्रकार रबरी फुगा दाबून तिच्यावर हवा सोडी, ती गरगर फिरे आणि मध्यभागाचा प्रकाश अडवी. तेवढ्यात कडांना आपला वाटा मिळे. मग भिरभिरी खाली पाडून उरलेला प्रकाश घ्यायचा.

आकाशातून खाली पाहताना

लेण्यात मागे सरकायला जागा नसते. विमानाला वर जायला जागा असते, मग त्याला असे भिंग कशाला? कारण वर गेले की तपशील बारीक होतो आणि खाली राहिले की फेऱ्या वाढतात. हवाई सर्वेक्षणाच्या ठरीव कॅमेऱ्यात फिल्मची चौकट २३ सेंटिमीटर लांब-रुंद आणि भिंग १५२ मिमीचे असे. मघाचाच समरूप त्रिकोण लावा : ३००० मीटर उंचीवरून एका चित्रात साडेचार किलोमीटर बाजूचा चौरस येतो. भिंग दुप्पट नाभीय अंतराचे असते तर क्षेत्र एक-चतुर्थांश झाले असते. शिवाय लगतच्या दोन चित्रांत साधारण ६० टक्के भाग सामाईक ठेवतात. त्यांवरून जमिनीचे चढउतार मोजता येतात आणि रुंद कोनामुळे ही मोजणी अधिक नेमकी होते.

या कामासाठी १९३३ मध्ये झाइस कंपनीच्या रॉबर्ट रिख्टर यांनी ‘टोपोगॉन’ काढले. १९४० च्या दशकात सोव्हिएत संघातील मिखाईल रुसिनोव्ह यांनी दोन्ही टोकांना मोठी अंतर्गोल भिंगे लावून कोपऱ्यांतला अंधार बराच कमी केला. त्याच मार्गाने स्वित्झर्लंडमध्ये लुडविग बेर्टेले यांनी भिंगे केली. आपल्याकडे १९६६ मध्ये देहरादूनला अशा छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. नागपूरला तर देशाच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मुख्यालयच आहे. मातीचे नकाशे करणाऱ्यांनी उपग्रह प्रतिमांच्या आधी हवाई छायाचित्रांवरच हात बसवला होता.

आरशाची अडचण

दुसऱ्या महायुद्धानंतर एसएलआर कॅमेरा लोकप्रिय झाला. भिंगातून येणारे दृश्य आरशावरून डोळ्याकडे जाते आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, ही त्याची रचना. या आरशाला हलायला जागा हवी. म्हणून अशा कॅमेऱ्यात भिंगाची बैठक फिल्मपासून सुमारे ४५ मिमी दूर असते. पण २८ मिमीच्या समतोल भिंगाला तर फिल्मपासून जवळजवळ २८ मिमीवरच बसायचे असते. म्हणजे आरशाच्या जागेत! निकॉनने १९५९ मध्ये २१ मिमीचे असे एक भिंग काढले, ते लावण्यापूर्वी आरसा वर उचलून ठेवावा लागे. एसएलआर घेऊन त्यातून पाहायचेच नाही, अशी गत.

उपाय निघाला तो दुर्बिणीच्या अंगाने. पुढे एक मोठे अंतर्गोल भिंग आणि मागे बहिर्गोल गट ठेवला तर नाभीय अंतर लहान असूनही शेवटचे भिंग आणि फिल्म यांच्यात मोकळी जागा राहते. ही कल्पना १९३० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या एच. डब्ल्यू. ली यांनी रंगीत चित्रपटांच्या टेक्निकलर कॅमेऱ्यासाठी वापरली होती. तिथे आरशाऐवजी प्रकाश विभागणारा लोलक होता. १९५० मध्ये फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांनी ३५ मिमीचे ‘रेट्रोफोकस’ भिंग साध्या एसएलआरसाठी आणले. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत ‘फ्लेक्टोगॉन’ तयार झाले आणि मग सोव्हिएत ‘मीर-१’. या भिंगाला १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि ती गोष्ट त्याच्या कड्यावर कोरलेली असे.

ही भिंगे शक्य झाली ती काचेवरच्या लेपामुळे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो. सहा सुट्या भिंगांचे बारा पृष्ठभाग झाले. म्हणजे ६१ टक्केच प्रकाश पार जाणार आणि उरलेल्यातला काही चित्रावर धुक्यासारखा पसरणार. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका पातळ लेप देऊन हे परावर्तन घटवले.

जुने भिंग निवडताना

अशी भिंगे आजही आपल्या अवतीभवती आहेत. बंद पडलेल्या स्टुडिओंची कपाटे, घरातल्या पेट्या, जुन्या बाजारातली दुकाने यांतून झेनिट, प्राक्टिका, पेंटॅक्स, याशिका यांची भिंगे निघतात. शाळेसाठी किंवा स्वतःसाठी एखादे घ्यायचे तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

बैठक : भिंग कोणत्या कॅमेऱ्यावर बसते? ४२ मिमी आट्यांची भिंगे अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर चालतात. सुरुवातीच्या झेनिटचे आटे ३९ मिमीचे होते. ती भिंगे वेगळी.

काच : टॉर्चचा प्रकाश एका बाजूने सोडून दुसरीकडून तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते आणि काचेवरचा लेप खाते. धूळ किंवा एखादा ओरखडा चालतो. बुरशी व दुधाळपणा नको.

पाती : ऑटो-मॅन्युअल खटका असल्यास तो मॅन्युअलवर ठेवून ॲपर्चरचे कडे फिरवा. पाती कोरडी असावीत आणि चटकन मिटावीत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेत आतले वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते.

काचेचा पिवळेपणा : काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम मिसळलेले असे, कारण त्यामुळे वक्रीभवनांक वाढतो. किरणोत्साराने अशी काच पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून वापरायला हरकत नाही. पण ती घासू नये, फोडू नये आणि विद्यार्थ्यांना डोळ्याला लावायला देऊ नये.

पहिले भिंग ३५ किंवा २८ मिमीचे असावे. २० मिमीचा मोह नंतर. त्यात चार कोपरे सांभाळणे कठीण जाते.

वापरताना

वाइड भिंग नाक मोठे करते, असे म्हणतात. हा आरोप चुकीच्या आरोपीवर आहे. जवळच्या वस्तू मोठ्या आणि लांबच्या लहान दिसणे हे फक्त अंतरावर अवलंबून असते. वाइड भिंग आपल्याला जवळ जायला भाग पाडते, इतकेच. कडेला उभा असलेला माणूस रुंद दिसतो, तो मात्र सपाट फिल्मवर तिरपे किरण पसरल्यामुळे. म्हणून माणसे कोपऱ्यात उभी करू नयेत.

इमारत मागे कलल्यासारखी दिसते, कारण आपण कॅमेरा वर उचलतो. फिल्म भिंतीला समांतर ठेवली तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. चित्रात खाली जमीन जास्त येईल. ती छापताना कापता येते.

या भिंगांना खोलीभर स्पष्टता मिळते. २८ मिमी भिंगाचे ॲपर्चर एफ/८ आणि अंतर सुमारे ३.३ मीटर ठेवले तर पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे समाधानकारक रेखीव येते. ५० मिमी भिंगात हीच हद्द पाच मीटरच्या पुढे सुरू होते. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तिथे हात स्थिर ठेवून १/३० सेकंदाने काम साधते. ५० मिमी भिंगाला १/६० लागले असते. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशातच चित्रे टिपून दाखवली, हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करून पाहा

फिल्म आता महाग आहे आणि उटीच्या कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही राहिलेली नाही. पण प्रयोगाला फिल्म लागत नाही. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडा, शटर ‘बी’ वर ठेवून बटण दाबून धरा आणि फिल्मच्या जागी बटर पेपरचा तुकडा लावा. वर्गात अंधार करून कॅमेरा खिडकीकडे रोखा. कागदावर उलटे चित्र दिसेल. भिंतीवर तीन मीटर अंतरावरून खडूने खुणा करून किती रुंदी मावते ते मोजा आणि हिशेबाशी ताडून पाहा. मग विटांच्या भिंतीकडे रोखून कडेच्या रेषा वाकतात का, कोपरे काळवंडतात का, ते पाहा. विकत घेण्याआधी भिंगाची परीक्षाही अशीच करावी.

यानंतरचे काम वर्गाबाहेर आहे. नागपूरच्या महालात, इतवारीत जुने लाकडी वाडे आहेत आणि त्यांच्यासमोरच्या गल्ल्या अजिंठ्यातल्या त्या वाटेपेक्षा फार रुंद नाहीत. वाडे दर वर्षी पडतात आणि त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहतात. आपल्या गावातही असेच चालले असेल. एका शाळेने एका वर्षात एक वाडा घ्यावा. दर्शनी भाग, चौक, माडी, देवघर यांची फिल्म भिंतीला समांतर धरून छायाचित्रे काढावीत. प्रत्येक चित्रात एक मीटरची पट्टी असावी. मागे तारीख, भिंगाचे नाभीय अंतर आणि भिंतीपासूनचे अंतर लिहावे. या तीन-चार आकड्यांवरून पन्नास वर्षांनीही कोणी त्या वाड्याची मोजमापे काढू शकेल. एक प्रत शाळेत आणि एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. अजिंठ्याच्या प्रतिकृती दोन वेळा जळाल्या, त्या वेळी दुसरी प्रत कुठेच नव्हती.